व्याह्यांच्या हनुवटीसाठी ठेवलेला रेझर

टिण्, टिणऽऽ, टिणऽऽ. माझ्या वडिलांचा रेझर पाण्याच्या मगाच्या काठावर आपटल्याचा हा आवाज. मागच्या खोलीत ते दाढी करत, मी दाराशी पाटी घेऊन बसे, आणि शाळेत घोकायला दिलेली कविता त्या आवाजावर बरोबर बसे. आखूड, लांब, लांब. पुढे गुरुजींनी फळ्यावर भुजंगप्रयात वृत्त लिहिले, लघु, गुरू, गुरू, तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटाच हसलो आणि तास संपेपर्यंत बाकावर उभा राहिलो. माझे वडील हे रोज सकाळी तोंडाला फेस लावून करत होते, त्यांना कुणी शिकवले नव्हते.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. आमच्या हिने खांद्यावरून वाचून तसे सांगितलेही. "आधी शुद्धीत आहात ते लिहा," ती म्हणाली, "मग बेशुद्धीतलं काय ते लिहा."

तर मी, गल्लीत गुळगुळीत आजोबा म्हणून ओळखला जाणारा, पंपांच्या कारखान्यात लेथपाशी उभा राहून म्हातारा झालेला आणि निवृत्तीनंतर मागच्या खोलीत स्वतःच्या हाताने दाढीचे रेझर घडवणारा, हे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, नाडी चांगली आहे आणि माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. हिची आहे, पण ती जुनीच असल्यामुळे येथे धरू नये. डोके ठिकाणावर असल्याची तपासणी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी आजच सकाळी केली आहे. त्या या क्षणी आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत आहेत आणि पहिल्या साक्षीदार म्हणून सही करणार आहेत.

तपासणीची वेळ का आली, तेही नोंदवून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की म्हाताऱ्याला झटका आला होता. मी सकाळी आरशासमोर उभा राहून उजवा हात मुद्दाम थरथरवत दाढी करत होतो. का, ते कलम सातमध्ये येईल. ही टॉवेल द्यायला आली, तिने तो हात पाहिला आणि जिन्यात जाऊन जी हाक मारली, ती ऐकून डॉक्टरीणबाई एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात अर्धा टोस्ट घेऊन वर धावल्या.

"आजोबा, माझ्याकडे बघा. हात कधीपासून हलतोय?"

"मी हलवतोय तेव्हापासून."

"म्हणजे?"

"थांबवू का?" मी म्हणालो, आणि थांबवला.

बाईंनी हिच्याकडे पाहिले. "हे नेहमी असेच असतात?"

"आज जरा बरे आहेत," ही म्हणाली.

मग छाती झाली, नाडी झाली, डोळे झाले. सगळे ठणठणीत. पण बाई जाता जाता बोलून गेल्या की वय झाले आहे, कागद केलेला असला तर बरा. हिला तेवढेच पुरले. तिने मला फेस पुसायला लावला, टेबलापाशी बसवले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून मुलीला फोन केला. काय सांगितले ते मला कळले नाही. मला पर्वाही नव्हती. कारण आजची दाढी, मी शपथेवर सांगतो, माझ्या जन्मातली सर्वांत उत्तम दाढी झाली आहे. गालावर माशी बसली तर घसरेल. मी सकाळपासून तीनदा हसलो आहे आणि एकदा स्वयंपाकघरात गिरकी घेतली आहे. अशा आनंदात माणसाने जे आहे ते वाटून टाकावे, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम एक. घर हिचे. हिच्यानंतर मुलीचे. घराबरोबर न्हाणीघरातली भिंतही जाते आणि तिच्याबद्दल इशारा देणे माझे कर्तव्य आहे. आरशामागे मी पूर्वी एक अरुंद फट कोरली असून वापरलेली पाती त्या फटीतून भिंतीच्या पोकळीत टाकत आलो आहे. पोकळी कधी भरेल याची मी वाट पाहिली, ती काही भरली नाही. जो कोणी ती भिंत फोडेल त्याने जाड हातमोजे घालावेत आणि क्षणभर थांबावे. माझ्या सगळ्या सकाळी त्या भिंतीत पडल्या आहेत.

"एवढं कवित्व भिंतीवर," ही म्हणते, "आणि मला 'घर हिचे' एवढंच?"

तर कलम एकला पुरवणी. घर हिचे, कारण ते तिच्यामुळेच घर आहे. मी मागच्या खोलीत फक्त पितळेचा भुसा करत होतो, आणि तो भुसा तिने रोज न चुकता झाडला.

आता ती गेली चहा बघायला.

कलम दोन. बँकेत जे काही आहे ते हिचे. त्यात मोजण्यासारखे काही नाही.

कलम तीन. लेथ, कानशी, पॉलिशची चाके, भिंग आणि बारीक फटी मोजायचे फीलर गेज माझ्या मुलीला. ती दातांच्या कवळ्या बनवते. लहानपणी अभ्यास करता करता ती नुसत्या आवाजावरून ओरडायची, "बाबा, हत्यार बोथट झालंय," आणि ते झालेले असे. दात आणि दाढी ही शेजारशेजारचीच कामे आहेत. वीतभराचेही अंतर नाही. काम घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस मात्र तिला मिळणार नाही, कारण तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी एका दुपारपुरता नेला आहे. ती दुपार अजून संपलेली नाही. व्हाइस त्यांनाच राहू द्यावा, पण तो माझा होता याची त्यांना दरवर्षी एकदा आठवण करून द्यावी. हे काम हिला आवडेल.

कलम चार. ड्रॉवरमध्ये तयार असलेले रेझर ओळखीपाळखीच्यांनी एकेक न्यावेत, पण दिसण्यावर जाऊ नये. लोक चकाकी बघून रेझर निवडतात आणि मग जन्मभर तुरटी लावत बसतात. आधी दोन दिवस दाढी वाढू द्यावी. मग कापसाचा बोळा गालावरून फिरवावा. जिकडे तो सुळकन जातो ती केसांची दिशा, जिथे अडकतो तिथे आपण उलटे चाललो आहोत. प्रत्येकाचा नकाशा वेगळा असतो. सख्ख्या भावांचेही गाल जुळत नाहीत. केस राठ आणि कातडी जाड असेल तर पाते आणि खालचा कठडा यांच्यात जरा मोठी फट असलेला रेझर उचलावा. कातडी पातळ असेल तर फट लहान. त्यातूनही मनासारखे झाले नाही तर पात्याखाली पातळ पत्र्याची कपची सरकवावी. कपची घातली की रेझर धीट होतो, काढली की सौम्य. मी प्रत्येक रेझरसोबत कपच्या ठेवल्या आहेत. त्या हरवू नयेत, त्या जिभेइतक्या महत्त्वाच्या आहेत.

पात्यावरची टोपी आवळल्यावर रेझर खिडकीकडे धरावा. पात्याच्या दोन्ही कडांशी उजेडाची रेघ सारखी दिसली पाहिजे. एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक दिसली तर पाते तिरपे बसले आहे. उघडून पुन्हा बसवावे, घाई करू नये. आणि जोर मुळीच लावू नये. मूठ मी मुद्दाम जड केली आहे, काम ती करेल. ज्यांच्या लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी मी भुजंगप्रयातात दोन ओळी रचल्या आहेत. वृत्त शुद्ध आहे, काव्याची हमी नाही:

तुझा हात थांबे तिथे धार थांबे,
नको जोर लावू, जरी केस लांबे.

या ओळी म्हणत दाढी करावी. लघूला आखूड ओढ, गुरूला लांब.

कलम पाच. कारखान्यातल्या फोरमनसाहेबांनी माझा पहिला रेझर हातात घेऊन "खेळणं चांगलं आहे" असे सगळ्या पाळीसमोर म्हटले होते. त्यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांचे पंप गळत, माझा रेझर गळत नाही, एवढे इथे लिहिले की मला पुरे.

कलम सहा. जावईबापूंना माझा दाढीचा ब्रश आणि बिनशर्त मोकळीक. हा माणूस बस डेपोत हिशेब लिहितो आणि लग्नाच्या दिवसापासून दाढी राखून आहे. लोकांना ती शोभते म्हणून राखली आहे असे वाटते. खरे कारण त्याने मला एकदा हळूच सांगितले: "मामा, वस्तऱ्याने केली तर तुम्हाला वाईट वाटेल, रेझरने केली तर आमच्या बाबांना. दाढी असली की दोन्हीकडे जेवायला मिळतं." इतका शहाणा जावई शोधून सापडला नसता. मुलीनेच शोधला होता.

त्याचे बाबा म्हणजे कलम सात.

कलम सात. माझे व्याही, समोरच्या सलूनचे मालक. त्यांनी आयुष्यभर वस्तऱ्याने दाढ्या केल्या. त्यांचा वस्तरा गालावरून जाताना गिऱ्हाइकाला झोप लागायची, हे मी विरुद्ध पक्षाचा असूनही लिहितो. सोयरीक ठरली त्या दिवशी मी त्यांना माझ्या हातचा पितळी रेझर भेट दिला. लग्नाच्या सकाळी, मला मान द्यायचा म्हणून, त्यांनी तो वापरला. आणि वस्तऱ्यासारखा वापरला: अंगठ्याने कातडी ताणून, कोन धरून, जोर देऊन. त्यांच्या हनुवटीखाली डाव्या बाजूला केसांचा भोवरा आहे. रेझर त्या भोवऱ्यात शिरला. ज्या माणसाने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला ओरखडा काढला नाही, तो मुलाच्या लग्नाच्या फोटोत हनुवटीला कापूस लावून उभा आहे.

मंडपात सगळ्यांसमोर ते म्हणाले, "व्याहीबुवा, हे दाढीचं यंत्र नाही. हे खुरपं आहे."

मी म्हणालो, "खुरप्याचा दोष नाही. माळी नवा आहे."

झाले. दोन्ही घरांचे येणे-जाणे चालू राहिले, आमच्या दोघांचे बोलणे बंद पडले. त्यांनी सलूनवर पाटी लावली: 'येथे दाढी माणूस करतो.' मी खिडकीत पाटी लावली: 'आपला हात जगन्नाथ.' आमचा नातू या दोन पाट्यांवर अक्षरे लावायला शिकला. खुरपं हा शब्द मागे घेतल्याशिवाय मी त्यांची पायरी चढणार नाही म्हणालो, ते माझी चढणार नाही म्हणाले, आणि दोघेही शब्दाचे पक्के निघालो. असले पक्के शब्द फार महाग पडतात. समोरासमोर राहून दोन म्हातारे पडद्याआडून एकमेकांचे गाल बघत बसतात.

तर बघत असताना माझ्या लक्षात आले की व्याही हल्ली खुर्चीमागे उभे राहत नाहीत. दाढ्या कारागीर करतो, हे गल्ल्यावर बसतात. आणि त्यांच्या स्वतःच्या गालावर पांढरे खुंट. आधी वाटले, तब्येत बरी नसेल. मग मुलगी आली तेव्हा विचारले.

"बाबा, मामंजींचा हात हलतो," ती म्हणाली. "वस्तरा धरवत नाही. आणि कारागिराला गाल द्यायला तयार नाहीत. म्हणतात, माझ्या गालाला माझाच हात लागला पाहिजे. तुम्ही कुणाला बोलू नका हं."

"मी कुणाला बोलणार?"

"कुणालाच नाही."

मृत्युपत्राबद्दल ती काही म्हणाली नव्हती.

त्या दिवसापासून मी एकच रेझर करत आहे. बाकीची कामे बाजूला. मूठ जाड केली, म्हणजे हलणाऱ्या बोटांना धरायला काही तरी मिळेल, आणि तिच्यावरची खरखर खोल कापली. वजन खाली नेले, म्हणजे हात थरथरला तरी डोके थरथरणार नाही. लग्नाचा तो फोटो भिंगाखाली धरून कापसाच्या कडेने भोवऱ्याची जागा शोधली. त्या जागेसाठी रेझरची एक बाजू अगदी सौम्य ठेवली, दुसरी गालांसाठी जरा धीट. सौम्य बाजू कोणती ते न बघता कळावे म्हणून मुठीवर बोटाला लागेल अशी खाच दिली. कलम चारमध्ये सांगितलेली उजेडाची रेघ या एकाच रेझरात दोन्हीकडे सारखी दिसणार नाही. ती मुद्दाम आहे.

आता तो तपासायचा कसा? माझा हात हलत नाही. म्हणून हलवला. पहिल्या दिवशी कानाखाली कापले, नंतर ओठावर. दर वेळी कपची घासली, पुन्हा बसवली. आणि आज सकाळी, हात असा थरथरवला की मगातले पाणी सांडले, तरी पाते गालावरून बोटीसारखे गेले. हाच तो आनंद. हीच ती गिरकी.

हा रेझर बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहे. माझ्या पश्चात तो व्याह्यांना द्यावा. अट एकच, त्यांनी खुरपं हा शब्द दोन माणसांसमोर मागे घ्यावा.

ही पुन्हा खांद्यावर आली आहे. "तुम्ही गेल्यावर तो शब्द ऐकायला कोण बसणार आहे?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला दाढी येत नाही," ती म्हणाली. "त्यांना येते. रोज येते."

 खरे सांगायचे तर 'माझ्या पश्चात' हा भाग मलाही पसंत नाही. मला तो गाल बघायचा आहे. खिडकीतून का होईना, ऊन पडल्यावर चमकताना बघायचा आहे. ते आधी गेले तर डबा तसाच राहील, मी आधी गेलो तर मला दिसणार नाही. पण अट आहे ती आहे. खाडाखोड करून कागद घाण करणार नाही.

कलम आठ. मला शेवटचे आवरताना दाढी केलेली असावी. ती मुलीने करावी, तिला कोन ठाऊक आहे. दाढी करताना कोणी रडू नये, हात हलतो.

कलम नऊ. वडिलांचा मग कोणालाही देत नाही. तो नळाखाली आहे तिथेच राहावा आणि ज्याला वाटेल त्याने त्याच्या काठावर रेझर वाजवावा.

येणेप्रमाणे माझ्या राजीखुशीने, हसत हसत, चांगल्या उजेडात लिहिले. वाचून पाहिले. दोन ठिकाणी मात्रा चुकली असेल तर ती गुरुजींच्या खात्यावर.

स्थळ: मागची खोली, लेथशेजारचे टेबल.
दिनांक: डॉक्टरीणबाईंनी समासात घातला आहे तोच.
लिहून देणार: सही. गुळगुळीत आजोबा.
साक्षीदार पहिल्या: सही. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. (शेरा त्यांचा: 'प्रकृती उत्तम. हात हलत नाही.')
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे औषधवाले, दुकान बंद करून येतो म्हणाले आहेत. व्याह्यांना बोलवा असे डॉक्टरीणबाई सुचवत होत्या, मग त्यांनीच आठवण करून दिली की ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष चालत नाही.

घंटा वाजली. आले वाटते औषधवाले.

पुढचा मजकूर त्याच कागदाच्या पाठीवर, त्याच दिवशी.

ते औषधवाले नव्हते. हिने दार उघडले तर दारात व्याही. गालावर पांढरे खुंट, खांद्यावर सलूनचा टॉवेल, दोन्ही हात खिशात.

"बोलावलं नव्हतं. आलो," ते म्हणाले.

"या, बसा," ही म्हणाली. मी खुर्ची पुढे ओढली. 

ते बसले नाहीत. "सूनबाईला फोन आला सकाळी. तुमचा हात हलतो म्हणे."

मी हिच्याकडे पाहिले. हिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. डॉक्टरीणबाईंनी कपात पाहिले.

"सकाळी हलत होता," मी म्हणालो. खोटे नव्हते.

"फार?"

"मगातलं पाणी सांडलं."

त्यांनी मान हलवली, आणि मग खिशातून उजवा हात बाहेर काढला. तो हलत होता. तो हात त्यांनी माझ्या गालापर्यंत आणला आणि बोटांची पाठ खालून वर फिरवली, केसांच्या उलट दिशेने, गिऱ्हाइकाला उठवण्याआधी ते फिरवत तशी. जबड्यापाशी थांबले. परत खाली गेले. पुन्हा वर आले. कोणत्याही परीक्षेत मी इतका श्वास रोखून उभा राहिलेलो नाही.

"हलत्या हातानं?"

"हलत्या हातानं."

"कशानं केली?"

मी निळा डबा उघडला. त्यांनी रेझर उचलला आणि खिडकीकडे धरला. इतकी वर्षे खुरपं म्हणत आले, पण उजेडाकडे धरायचे असते हे त्यांना ठाऊक होते.

"तिरपं बसलंय," ते म्हणाले.

"मुद्दाम."

त्यांनी तो फिरवला. बोटाला खाच लागली. त्यांचा दुसरा हात आपोआप हनुवटीखाली, डाव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला.  स्वयंपाकघरात चहा उतू गेला, तरी ही हलली नाही.

"माळी अजून नवाच आहे," व्याही म्हणाले. "हे खुरपं धरायचं कसं, ते दाखवा."

सबब कलम सात रद्द. वस्तू जिवंतपणीच ज्याची त्याला पोचली. आता त्यांना या कागदातून काही मिळायचे नसल्यामुळे त्यांची साक्ष चालते, असे डॉक्टरीणबाई सांगतात. औषधवाल्यांचे नाव खोडले आहे.

साक्षीदार दुसरे: सही. व्याही, समोरचे. सही हललेली आहे, ती तशीच ग्राह्य धरावी.

खुरपं हा शब्द त्यांनी मागे घेतलेला नाही, उलट दोन माणसांसमोर पुन्हा वापरला आहे. अट मी मागे घेतो. वडिलांचा मग नळाखालून काढला आहे, पाणी तापले आहे.